पहिल्या तारखेची तपासणी

बुधवार, ४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या आईंचे गुडघे आता बरे असतील आणि औषधांच्या दुकानातली तुमची मोजदाद आटोपली असेल, असं धरून लिहायला बसले आहे. इकडे सगळं ठीक.

आधी चूक दुरुस्त करते, बाकीचं मग. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की, माझी पोटगी मी पुन्हा लग्न करेपर्यंत चालणार, न केल्यास मरेपर्यंत. कोर्टाचा हुकूमच तसा आहे आणि त्यात ना तुमच्या होणाऱ्या यजमानांच्या हातात काही आहे ना माझ्या. हे चुकीचं आहे. कोर्टानं पोटगी तीन वर्षांसाठी दिली होती. ती मुदत संपून दोन वर्षं होऊन गेली. तुम्हाला मी मुद्दाम फसवलं नाही. मला जे सांगितलं गेलं तेच मी तुम्हाला सांगितलं, आणि इतकी वर्षं त्याच समजुतीवर राहिले.

तुमचा प्रश्न मला पाठ झालाय. “तुम्ही आता कमावत्या आहात, तर हे आणखी किती दिवस चालायचं?” त्यात टोमणा नव्हता हे मला कळतं. महिन्याभरानं ज्यांच्याशी लग्न करायचं, त्यांच्या घरखर्चाची जुळवाजुळव करताना हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही तर कुणी? पण मला तो लागला. माझ्या वडिलांनी मला अक्षरओळखीच्या आधी रफू शिकवलं, आणि रफूच्याही आधी हे शिकवलं की, गिऱ्हाइकाच्या कापडातून काढलेला धागा आपल्या डब्यात राहता कामा नये. उरलाच तर आम्ही तो कागदाच्या पुडीत बांधून कोटाच्या खिशात परत ठेवायचो. गिऱ्हाइकं हसायची. माझी आत्या म्हणायची, “हसू देत. चोर तर म्हणत नाहीत ना?” अशा घरात वाढलेल्या मुलीला हा प्रश्न म्हणजे काय, ते सांगता येत नाही.

म्हणून गेल्या गुरुवारी मी वकीलबाईंकडे गेले. आमच्या घटस्फोटात माझ्या बाजूनं त्या होत्या. मला एवढंच विचारायचं होतं की, मी आपणहून पोटगी सोडली तर चालेल का, की तो कोर्टाचा अवमान होतो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कसली पोटगी?”

“माझी. लग्न करेपर्यंतची.”

“अगं बाई, तीन वर्षांची होती ती. तुझे हातपाय हलायला लागेपर्यंत. त्याच्या आत लग्न केलंस तर आधीच थांबेल, असं पुढे एक वाक्य होतं, बस. कुणाला कोर्ट जन्माची देतं, कुणाला वर्षाची. तू तेव्हा पंचविशीची, हातात कला, पदरी मूल नाही. तुला जन्माची कोण देईल?”

मी म्हटलं, “मग तपासणी?”

“कसली तपासणी?”

“पहिल्या तारखेची. मी एकटी राहते की नाही ती.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कोण येतं तपासायला?”

“तेच येतात.”

त्या उठल्या आणि दार लावून आल्या. इतक्या हळू लावलं की मलाच भीती वाटली, आपण काहीतरी भयंकर बोललो की काय.

ताई, तुम्ही म्हणाल, शिकलीसवरलेली बाई, स्वतःच्या हुकुमाचा कागद वाचला नाही? नाही वाचला. दोन्ही प्रती त्यांनी घेतल्या, “तुझ्याकडे हरवेल” म्हणाले, आणि माझ्याकडे वस्तू हरवायच्या हे खरंही होतं. न्यायाधीशांनी हुकूम वाचून दाखवला तो मला नीट ऐकू आला नाही. मी ज्या बाजूला उभी होते तिथून येत नव्हता. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला सगळं शांतपणे समजावून सांगितलं. पोटगी लग्न करेपर्यंत. तोवर मी एकटीच राहायचं. मी एकटी आहे याची खात्री त्यांनी महिन्यातून एकदा करून घ्यायची. आणि अट मोडल्याचं दिसलं तर पहिल्यापासूनचं सगळं परत, वर फसवणुकीचा खटला. वजनमाप खात्यातल्या निरीक्षकानं सांगितलेला नियम मी कशाला तपासून बघू? अख्खा बाजार त्यांच्या शब्दावर काटे दुरुस्त करतो. तुमच्या दुकानातला औषधांचा छोटा काटा तपासायला आले तेव्हाच तुमची ओळख झाली ना? मग त्यांचं ते बोलणं तुम्हाला माहीत आहे. आवाज न चढवता.

ते पहिल्या तारखेला येतात. चपला दाराशी जुळवून काढतात. खुर्चीत बसून विचारतात, “कोण कोण आलं होतं?” मी सांगते. नळ दुरुस्त करणारा एकदा, घरमालकाचा जावई एकदा, दारातूनच गेला. मग ते उठून कपाट उघडतात. मोरीत जाऊन येतात. टॉवेल हातात घेतात, नाकाशी नेतात आणि होता तसा टांगतात. दोन कप दिसले तर प्रश्न येतो म्हणून मी एकच ठेवला आहे. त्यामुळे त्यांचा चहा संपेपर्यंत मला थांबावं लागतं. चहा झाला की म्हणतात, “ठीक आहे,” आणि पाकीट टेबलावर ठेवतात. काट्यावर शिक्का मारल्यासारखं ते “ठीक आहे” असतं. ते ऐकल्यावर मला बरं वाटायचं, हे मी लपवत नाही. आदल्या दिवशी मी घर पुसून ठेवायचे. कपाटाची दारं तर मी आधीच उघडी ठेवायला लागले होते, त्यांना त्रास नको म्हणून.

मी जिथे काम करते त्या लाँड्रीच्या मालकीणबाई दर महिनाअखेरीला म्हणतात, “जा बाई लवकर, उद्या तुझी परीक्षा. पास हो म्हणजे झालं.” त्यांना वाटतं, माझा घरमालक फार शिस्तीचा आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

दोन वर्षांपूर्वी लाँड्रीत एक इस्त्रीवाला होता. सगळे त्याला ‘कडक’ म्हणायचे, त्याच्या कॉलरी उभ्या राहायच्या म्हणून. माणूस उलट अगदी मऊ. त्यानं एकदा इस्त्री बाजूला ठेवून मला विचारलं, “लग्नाचं काय ठरवलंय तुम्ही?” मी म्हटलं, “कायद्यानं जमत नाही.” तो म्हणाला, “असा कसा कायदा असतो हो?” मी म्हटलं, असतो. तो आता दुसऱ्या गावी असतो. त्याला मुलगी झाल्याचं ऐकलं. त्यानं विचारलं तेव्हा माझी मुदत संपून दोन महिने झाले होते. हे मी गुरुवारी वकीलबाईंच्या जिन्यात उभी राहून मोजलं.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. गुरुवारी मला सगळं कळलं. रविवारी पहिली तारीख होती. दार उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं. वकीलबाईंनी सांगितलं होतं, “कडी काढू नकोस. दाराआडून म्हण, मुदत संपली.” एवढं साधं वाक्य. मी ते शनिवारी भांडी घासताना म्हणूनही पाहिलं. त्यांनी दार वाजवलं आणि मी उघडलं. कपाट उघडं होतंच. त्यांनी विचारलं, “कोण कोण आलं होतं?” मी म्हटलं, “कुणी नाही.” त्यांनी चहा घेतला. ते “ठीक आहे” म्हणाले. तरी मी ते वाक्य म्हटलं नाही.

जाताना दारात ते म्हणाले, “माझं लग्न झालं तरी यात खंड पडायचा नाही. तू काळजी करू नकोस.”

तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं की, दुकानात पोचल्यावर आणि निघताना ते तुम्हाला फोन करायला लावतात, उशीर झाला तर जेवत नाहीत, इतका जीव लावणारा माणूस तुम्ही पाहिला नाही. महिनाअखेरीला तुम्ही नोकरीचा राजीनामा देणार आहात असंही लिहिलंत. मी ती ओळ वाचून पत्र घडी करून ठेवलं, आणि पुन्हा उघडून वाचलं. त्यावर मला आज काही म्हणायचं नाही. मी तुमच्या आयुष्यात बोलणारी कोण? मुदतीची चूक दुरुस्त करणं मात्र माझं काम होतं.

मला फोन करू नका, मला तो धड ऐकू येत नाही. लाँड्रीच्या पत्त्यावर लिहा, घरच्या नाही. आणि कृपा करून हे त्यांना आत्ताच विचारू नका. मला थोडे दिवस द्या.

तुमच्या आईंना नमस्कार.

आपली,
रफूवाली


सोमवार, १६ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. आईंना सांधेदुखीवर नवा इलाज लागू पडतोय हे वाचून बरं वाटलं.

तुम्ही त्यांना विचारलंत. तुमच्या जागी मीही विचारलं असतं, तेव्हा त्याबद्दल मनात काही ठेवू नका.

तुम्ही लिहिलंय की ते आधी हसले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. मुदत केव्हाच संपली आहे हे त्यांनी लगेच मान्य केलं. त्यांचं म्हणणं असं की, मी मनानं नाजूक आहे, मानी आहे, दान म्हणून दिलं तर घेणार नाही, म्हणून ते कोर्टाचं नाव सांगतात. महिन्यातून एकदा येऊन मी जेवतेखाते की नाही एवढं बघतात. आणि तुमच्यापाशीही हे झाकून ठेवलं ते माझी अब्रू राखायला. तुमचं शेवटचं वाक्य असं आहे: “एखाद्याच्या चांगुलपणाची परतफेड अशी करू नये.”

मी तुमच्यावर रागावले नाही. उलट दोन दिवस मी त्यावर विचार केला. खरंच असं असू शकेल का? मी नाजूक आहे हे खरं आहे. बारीकसारीक गोष्टी मनाला लावून घेते, हेही घरीदारी सगळे म्हणतात. आत्या तर म्हणायची, हिच्या डोक्यात सुई पडली तरी खणखणते. मी कामावर बसून एकेक पहिली तारीख आठवून पाहिली, तुमच्या बाजूनं, त्यांच्या बाजूनं. ते एकदाही “जेवलीस का” म्हणाल्याचं मला आठवेना. पण न आठवणं म्हणजे नसणं नव्हे, असंही मी स्वतःला सांगितलं. बुधवारी तर मी तुमची माफी मागणारं पत्र लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्या होत्या.

मग परवा, शनिवारी, ते लाँड्रीत आले.

आमच्याकडे घरगुती कपडे किलोवर घेतात, म्हणून गल्ल्याशेजारी काटा आहे. ते त्यांची पेटी घेऊन आले, ओळखपत्र दाखवलं, मालकीणबाईंना “बसा, घाई नाही” म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही. एकेक वजन फडक्यानं पुसून काट्यावर ठेवलं. मालकीणबाई तोंडानं फार खमक्या, पण त्या दिवशी त्यांचा हात पदराशी चाळा करत होता.

“काटा थोडा हलतोय,” ते म्हणाले.

“गेल्या वर्षीच शिक्का मारून घेतलाय, साहेब.”

“वर्षात बरंच काही हलतं. आज मी काही लिहीत नाही. पुन्हा येईन.” मग जरा थांबून, “तुमच्याकडे पत्रंबित्रं पण येतात वाटतं, कामगारांची?”

मालकीणबाई म्हणाल्या, “इथे कपडे येतात, साहेब.”

ते हसले. पेटी बंद केली आणि पिशवीतून एक कोट काढून माझ्या टेबलावर ठेवला. काळा, लोकरीचा, नवा. “लग्नात घालायचाय. फाटलाय. दहा तारखेपर्यंत दे.” मी कोट उलगडला. डाव्या छातीवर भोक होतं, बोट जाईल एवढं. कापड झिजून फाटतं तेव्हा धागे लांबआखूड तुटतात, कडा केसाळ होते. खिळ्याला अडकून फाटलं तर एका बाजूला ओढ दिसते. इथे सगळे धागे एका रेषेत संपत होते. ते भोक कात्रीनं पाडलेलं होतं, धारदार कात्रीनं, आणि कापड ताणून धरून. स्वतःच्या लग्नाचा कोट त्यानं माझ्या टेबलापर्यंत यायला कापला होता.

इथून पुढे मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. तुम्हाला खटकेल, माफ करा.

मी मान वर केली नाही. तो टेबलाला वळसा घालून माझ्या डाव्या अंगाला आला, वाकला आणि माझ्या कानाशी काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. त्याचा श्वास मला मानेवर लागत होता. मग सरळ उभा राहिला, मालकीणबाईंना “येतो” म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर मालकीणबाईंनी मशीन बंद केलं. “माझ्या काट्याआडून हा तुझ्याकडे कशाला आला, हे नंतर विचारते. काय सांगितलं त्यानं तुला?”

मी म्हटलं, “ऐकू आलं नाही.”

“अगं तोंड कानाला लावून बोलला तो.”

“त्या कानानं मला ऐकू येत नाही.”

“मग त्याला सांगायचंस ना, ह्या बाजूनं बोल म्हणून.”

“त्याला माहीत आहे,” मी म्हटलं. “त्यानंच केलंय.”

हे वाक्य मी त्यापूर्वी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. वडिलांपुढे नाही, कोर्टात नाही. मालकीणबाई माझ्या डावीकडच्या स्टुलावर होत्या, तिथून उठून उजवीकडे येऊन बसल्या. मला तेव्हा रडू आलं. तुम्हाला हे सांगायची गरज नव्हती, पण आता सुरू केलंय तर सांगते.

लग्नाचं दुसरं वर्ष होतं. रविवारची दुपार. मी आत्याकडून यायला वीस मिनिटं उशीर केला, कारण तिनं एक शाल समोर टाकली होती आणि आम्ही दोघी काठ जुळवत बसलो. तो दारातच उभा होता. ओरडला नाही. “किती वाजले?” म्हणाला. मी घड्याळाकडे बघायला मान वळवली, आणि त्यानं उघड्या पंजानं कानावर मारलं. एकदाच. दुखण्यापेक्षा आवाज आठवतो. एखादं मोठं दार आतून बंद व्हावं तसा, आणि त्यानंतर त्या बाजूला काहीच नाही.

मग त्यानंच मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांना त्यानंच सांगितलं की, डोक्यावरून अंघोळ करताना कानात पाणी गेलं आणि हिनं काडीनं कोरलं. डॉक्टरांनी मला विचारलं, “असंच झालं ना?” मी मान हलवली. पुढचे कितीतरी दिवस तो घड्याळ लावून माझ्या कानात थेंब घालायचा, कापूस बदलायचा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, बायकोचं असं करणारा नवरा दिवा घेऊन शोधा. माझ्या घरच्यांनाही तेच वाटलं. घटस्फोट ठरला तेव्हा वडिलांना थोडी कुणकुण लागली होती. ते म्हणाले, “राजीखुशीनं होतंय तर आता ते नको काढूस. कापड आणखी उसवेल.” मी ‘कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही’ या ओळीखाली सही केली. वडिलांना दोष देत नाही. त्यांना कापडापलीकडचं फारसं कळत नाही.

मला वाटतं, त्याला पैसे द्यायला आवडतं असं नाही. मुदत संपली तर दारात यायला कारण उरत नाही, एवढंच त्याला नको आहे. हा माझा अंदाज झाला, खात्री नव्हे. तुमच्यापुढे खात्री असल्यासारखा मांडणार नाही.

ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट राहिली. तुम्ही सुरुवातीलाच लिहिलंय, “मनगट मुरगळल्यामुळे अक्षर वाईट आलंय, समजून घ्या.” मी तुमची दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली. पहिल्या पत्रातलं अक्षर गोल, सुटं, एका ओळीत. दुसऱ्यातलं प्रत्येक अक्षर खाली घसरलंय, मधेच पेन उचललेलं दिसतं. मनगट कसं मुरगळलं हे मी विचारत नाही. मनगटं मुरगळतात. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की, डॉक्टरांना ते कुणी सांगितलं, तुम्ही की त्यानं? याचं उत्तर मला पाठवू नका. तुमचं तुम्हाला ठाऊक असलं की पुरे.

आता माझं ठरलेलं सांगते. काल रविवार असूनही वकीलबाईंनी मला घरी बोलावलं. मालकीणबाई बरोबर होत्या; म्हणाल्या, “काटा माझा आहे, मी येणार.” वकीलबाईंनी मला उगाच आशा लावली नाही. कानाची गोष्ट जुनी, डॉक्टरच्या कागदावर ‘पाणी गेल्यानं’ लिहिलेलं, वर माझी तक्रार नसल्याची सही. कोर्ट ते मानेलच असं नाही. पण मुदतीनंतर खोटं सांगून घरात येत राहिला, टॉवेल हुंगत राहिला, सरकारी पेटी घेऊन माझ्या कामावर आला, हे आजचं आहे. माझ्या घरी आणि कामावर येण्याची त्याला मनाई व्हावी असा अर्ज करता येतो, आणि त्यात मी कानाचंही लिहिणार. नुसतं लिहिणार नाही, उभी राहून सांगणार आहे. मुदतीनंतर आलेल्या पैशांचं काय, हेही मी विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, “तू आधी जगशील का? मग पुड्या बांध.” मालकीणबाई हसल्या, मीही हसले. तरी ते मी परत करणार आहे, थोडे थोडे करून, वकीलबाईंच्या हातून.

कोट मी शिवला नाही. तो भोकासकट त्याच अर्जाबरोबर जाणार आहे.

अर्ज शुक्रवारी दाखल झाला की नोटीस त्याच्या हातात पुढच्या सोमवारी पडेल. पुढच्या पहिल्या तारखेच्या आधी. म्हणून हे पत्र तुम्हाला आधी. त्याला हे दाखवलंत तर मी तुम्हाला अडवू शकत नाही, आणि त्यानं मला दारात गाठलं तरी मी अर्ज मागे घेणार नाही. मालकीणबाईंकडे माझी सही केलेली एक प्रत आजच दिली आहे, आणि आठवडाभर मी त्यांच्याकडेच राहायला जाते आहे. मला काळजी तुमची आहे. नोटीस वाचल्यावर तो माझ्याकडे येऊ शकणार नाही. मग तो कुणाकडे येईल, हे तुम्हाला आणि मला दोघींनाही माहीत आहे. शुक्रवारपासून तुम्ही आईंच्या घरी राहा, एकटीनं दार उघडू नका. राजीनामा लिहून ठेवला असेल तर तो दुकानात देऊ नका. लग्न करा, करू नका, यावर मी बोलणार नाही. पण महिनाअखेरीपर्यंत तुमचा पगार, तुमची किल्ली आणि तुमचा फोन तुमच्याच हातात असू द्या, एवढं माझ्यासाठी करा.

मला फार भीती वाटते आहे. पहिल्या तारखेला मी ठरवूनही दार उघडलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा माझ्या ठरवण्यावर तुम्ही विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही. म्हणून दिवस लिहून देते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. शुक्रवार, वीस मार्च, सकाळी अकरा वाजता, कौटुंबिक न्यायालयात, शपथ घेऊन.

तुमच्या आधीची